जॉनी कॅश खरंच कापूस वेचत होता का? कोणाले माहीत असन तं सांगा

पऱ्हाटीवाला (राळेगाव)

राम राम मंडळी. मागच्या महिन्यात जिनिंगवर कापूस घेऊन गेलतो, रात्रभर गाड्याईची लाईन होती, थंडी मरणाची, आणि माह्या आत्याचा पोट्टा पुण्याहून आलता तो बी सोबत होता, त्यानं टाइमपास म्हणून मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं. मले इंग्रजी तेवढं समजत नाई पण तो आवाज, लय जाडा, खालच्या पट्टीतला, जसं कोणी आपल्या बाजूले बसून हळूहळू सांगून रायलं असा. म्या पाच-सहा वेळा तेच लावाले लावलं. त्यानं सांगतलं हा जॉनी कॅश, अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचा, म्हंजे तिकडच्या गावखेड्याच्या गाण्याचा, मोठा माणूस, स्वतः गाणे लिहे, आणि लहानपणी कापूस वेचे.

ते कापसाचं ऐकलं अन् झोपच उडाली. आमची साडेचार एकर हाये, मी बी सातवीपासून वेचणीले जातो. गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतो आणि दोन वर्षांपासून वऱ्हाडीत थोडंफार लिहून रायलो, कोणाले दाखवलं नाई अजून. तं मले हे पाह्यजे की तो खरंच कास्तकाराच्या घरचा होता का हे कंपनीवाल्यायनं प्रचारासाठी पसरवलेलं हाये? आणि आत्याचा पोट्टा म्हणे तो जेलात होता बारा वर्षं, ते खरं काय? आणि एवढ्या गाण्यायीतून सुरुवात कुठून करू? मोकळेपणानं सांगा, लांब लिहिलं तरी चालन.

जुना_श्रोता (हिंगणघाट)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, मी १९८५-८६ पासून त्याला ऐकतो, तेव्हा नागपूरला शिकत होतो आणि सीताबर्डीवर एका दुकानात जुनी कॅसेट मिळाली होती.

कापसाचं शंभर टक्के खरं आहे. त्याचा जन्म २६ फेब्रुवारी १९३२ चा, आर्कान्सा राज्यातलं किंग्सलँड गाव. सात भावंडं. आईवडिलांनी नाव ठेवलं फक्त जे. आर., म्हणजे अक्षरंच, पूर्ण नाव नाहीच, पुढे हवाई दलात नुसती अक्षरं चालत नाहीत म्हणाले तेव्हा त्यानं जॉन लिहिलं. तो काळ मंदीचा, कापसाचे भाव पार पडलेले, त्याचा बाप, नाव रे कॅश, मिळेल ते काम करत मालगाड्यांतून फिरायचा. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारनं कफल्लक झालेल्या शेतकऱ्यांसाठी वसाहती काढल्या, त्यातली एक डायस, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, साधारण ५०० कुटुंबांची. १९३५ च्या मार्चमध्ये हे कुटुंब तिथं आलं, पोरगा तीन वर्षांचा. २० एकर, पाच खोल्यांचं नवं लाकडी घर, एक खेचर, आणि हे सगळं फुकट नाही, पिकातून फेडायचं. जमीन म्हणजे जंगल होतं, झाडं तोडून बुंधे काढून वावर करावं लागलं. आणि माती कशी? काळी, चिकट, पावसात पायाला गोळे धरणारी. आपल्याकडं जी आहे तशीच समजा.

पोरगा पाच वर्षांचा असताना वावरात कामाला लागला, आधी पाणी नेऊन द्यायचं, मग निंदण, मग वेचणी. तिकडे खांद्याला पट्टा लावून लांबच लांब पिशवी मागं ओढत नेतात आणि त्यातच कापूस भरत जातात. बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात होता, रात्री बाप ओरडायचा झोपा म्हणून तरी हा कान लावून बसायचा. आईचं नाव कॅरी, तिला गिटार येई, भक्तिगीतं म्हणे, आणि दिवसभर वावरात काम करतानाही घरचे सगळे गात. तिनं लोकांचे कपडे धुऊन पैसे जमवले आणि पोराला गाणं शिकायला एका बाईंकडं पाठवलं. त्या बाईंनी थोड्याच दिवसांत सांगितलं की तुला शिकवण्यासारखं काही नाही, कोणाला तुझी गायची ढब बदलू देऊ नको. त्या बाईंचे उपकार मानले पाहिजेत.

जेलचं उद्या लिहितो, ते मोठं आहे. आज एवढंच की बारा वर्षं वगैरे साफ खोटं.

सीतादही (दारव्हा)

मी गाणं समजणारी नाही पण वेचणारी आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलीनं मला जॉनी कॅशच्या आयुष्याबद्दल वाचून दाखवलं होतं तेव्हा एक गोष्ट काळजात जाऊन बसली ती इथं सांगितलीच पाहिजे.

त्याचा मोठा भाऊ जॅक, १४ वर्षांचा, याच्यापेक्षा दोन अडीच वर्षांनी मोठा. शहाणा मुलगा, बायबल वाचायचा, पुढं धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं होतं. मे १९४४, शनिवार होता, जॅक शाळेच्या कारखान्यात कुंपणाचे खांब कापायला गेला कारण घरात चार पैसे येतील म्हणून, आणि जे. आर. मासे धरायला गेला. तिथं फिरत्या करवतीनं जॅकचं पोट फाटलं. आठवडाभर जगला आणि गेला. आणि पुढचं ऐका, माती झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं घर परत कापसाच्या वावरात निंदणाला, कारण पीक कोणासाठी थांबत नाही, आणि ती माय तासात जाऊन गुडघ्यावर कोसळायची, नवरा उठवायला जायचा, ती म्हणायची देवच उठवील तेव्हा उठीन, आणि मग पुन्हा उठून काम करायची. हे जॉनी कॅशनं म्हातारपणी स्वतः लिहून ठेवलं आहे.

माझ्या सासूबाईंचा मुलगा, म्हणजे माझे दीर, फवारणीत गेले. तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वावरात होतो. लोक म्हणाले यांना काही वाटत नाही. ज्यांनी म्हटलं त्यांच्या घरी कापूस नव्हता. म्हणून ती गोष्ट ऐकली तेव्हा त्या बाईला मी ओळखते असं वाटलं, कुठली अमेरिका आणि कुठलं दारव्हा.

त्यानं म्हणे पुढं आयुष्यभर जॅकची आठवण काढली. भक्तिगीतं सोडली नाहीत ती त्याच्याचसाठी असतील असं मला वाटते.

पऱ्हाटीवाला भाऊ, तुम्ही लिहिता ते दाखवा कोणाला तरी.

सहा_तारा (अमरावती)

ताई तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिताच आलं नाही.

मी गिटार शिकवतो, म्हणून भाऊला वाजवण्याच्या बाजूनं सांगतो कारण लिहिणाऱ्याला ते कामाचं आहे. १९५० ला शाळा संपली, थोडे दिवस मिशिगनला मोटारच्या फॅक्टरीत काम केलं, जमलं नाही, मग हवाई दलात भरती, पोस्टिंग जर्मनीत लँड्सबर्गला, काम काय तर रशियन लोकांचे मोर्स कोडचे संदेश ऐकून टिपून घ्यायचे. विचार करा, दिवसभर कानात टिकटिक, टिकटिक, आणि नंतर त्याच्या गाण्यात तो ठेका ऐका, माझ्या मते त्याचा कान तिथंच तयार झाला. पहिली गिटार तिथंच घेतली, २० मार्कला. तुरुंगावरचा एक सिनेमा तिथं पाहिला आणि त्यावरून 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' लिहिलं. इथं खरं ते सांगायला पाहिजे, त्या गाण्याची चाल आणि बऱ्याच ओळी गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या १९५३ च्या गाण्यावरून उचललेल्या होत्या, पुढं त्याबद्दल पैसे भरावे लागले. भाऊ तुम्ही लिहिताय म्हणून मुद्दाम सांगतो, सुरुवातीला सगळेच दुसऱ्याच्या चालीवर लिहितात, भजनात तर ती रीतच आहे, पण छापताना, रेकॉर्ड करताना नाव द्या.

१९५४ ला परत आला, विव्हियन लिबर्टोशी लग्न केलं, मेम्फिसमध्ये राहायला लागला, घरोघर फिरून फ्रिज-मशीन विकायचा आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. तिथं दोन जण भेटले, ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रँट, दोघं गॅरेजमध्ये मेकॅनिक. यांना काही फार वाजवता येत नव्हतं हो. ग्रँट तर बास नवीनच शिकत होता, ल्यूथर तारांवर तळहात दाबून एक एक स्वर मोजून वाजवायचा. ड्रमवाला नव्हताच, मग जॉनीनं स्वतःच्या गिटारच्या तारांमध्ये कागद खोचला, त्यानं वाजवलं की तार झणझणत नाही, खस् खस् असा आवाज येतो, ड्रमसारखा. तो जो रेल्वेसारखा ठेका सगळ्या जगात गाजला तो या तिघांना जेवढं येत होतं तेवढ्यातून निघाला. तुम्ही खंजिरी वाजवता ना, एका कातड्यावर आणि चार झांजांवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हजारोंची सभा गप्प बसवली, तुम्हाला हे मी काय सांगू.

सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सकडं तो भक्तिगीतं घेऊन गेला, तो म्हणाला हे खपत नाही, तुझं स्वतःचं आण. १९५५ मध्ये पहिली रेकॉर्ड आली. १९५६ ला 'आय वॉक द लाइन', बायकोसाठी लिहिलेलं, मी सरळ वाटेनं चालीन असं. भाऊ हे गाणं पहिलं ऐका. प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते आणि कडव्याच्या आधी तो हुंऽऽ करून नवा सूर पकडतो, ते लपवलं नाही, तसंच ठेवलं. शेवटचं कडवं इतकं खाली जाते की साध्या माणसाचा आवाजच निघत नाही.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)

ताई, काकाजी, सर, तुमाले काय म्हणू. म्या हे सगळं आईले वाचून दाखवलं. ती म्हणे ते जॅकचं पुन्हा वाच. मंग उठून चुलीपाशी गेली, काईच बोलली नाई.

'आय वॉक द लाइन' ऐकलं. तो हुंऽऽ करते ते आमचे बुवा बी करतात पेटी नसली की.

जुना_श्रोता (हिंगणघाट)

आता जेलचं. त्याला कधीच मोठी शिक्षा झाली नाही, एखाद-दुसरी रात्र कोठडीत, अशा काही वेळा, एवढंच. पण तो कैद्यांसमोर गायचा, १९५७ पासूनच. १ जानेवारी १९५९ ला सॅन क्वेंटिन तुरुंगात गायला तेव्हा समोर कैद्यांमध्ये एक तरुण होता, मर्ल हॅगर्ड, तो पुढं सुटून स्वतः कंट्रीचा फार मोठा गायक-गीतकार झाला. मग १३ जानेवारी १९६८, कॅलिफोर्नियाचा फॉल्सम तुरुंग, जेवणाच्या हॉलमध्ये एका दिवसात दोन कार्यक्रम आणि त्याचं रेकॉर्डिंग. त्याच्या तेव्हाच्या कंपनीला, कोलंबियाला, या कल्पनेत कित्येक वर्षं काही दम वाटत नव्हता. ती रेकॉर्ड आली आणि बुडालेला माणूस वर आला. एक बारीक गोष्ट, त्यात एका ओळीवर कैदी आनंदानं आरडतात असं ऐकू येते, ती आरोळी नंतर स्टुडिओत जोडलेली आहे, प्रत्यक्षात पहारेकरी उभे असताना कैदी जपून होते.

आणि ग्लेन शर्ली. फॉल्सममधलाच कैदी, त्यानं तुरुंगातल्या चॅपेलवर गाणं लिहिलं होतं, ते कार्यक्रमाच्या आदल्या रात्री टेपवर जॉनीपर्यंत पोचलं, त्यानं रात्रीतून बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत शर्ली बसलेला असताना गायलं. पुढं त्याला सोडवायला मदत केली, काम दिलं. शर्लीला बाहेरचं जग झेपलं नाही, १९७८ मध्ये त्यानं स्वतःला संपवलं. जॉनी १९७२ ला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढं तुरुंग सुधारणेवर बोलून आला. काळे कपडे घालायचा त्यावर १९७१ चं 'मॅन इन ब्लॅक' गाणं आहे, गरीब, भुकेले, शिक्षा भोगून संपली तरी आत असलेले, यांच्यासाठी मी काळं घालतो असं त्यात आहे. आणि १९६४ चा अमेरिकेतल्या आदिवासींवरचा पूर्ण अल्बम 'बिटर टिअर्स', रेडिओवाल्यांनी वाजवायला टाळाटाळ केली तर त्यानं पदरचे पैसे खर्चून मासिकात जाहिरात देऊन त्यांना जाब विचारला.

मोहफूल (पांढरकवडा)

सगळे चांगलंच सांगून रायले म्हणून मी दुसरं लिहितो. हा माणूस बरीच वर्षं गोळ्यांच्या नशेत होता. १९६५ ला एल पासोला गिटारच्या केसमध्ये शेकड्यानं गोळ्या सापडल्या, त्याच वर्षी त्याच्या गाडीमुळे कॅलिफोर्नियाच्या जंगलाला आग लागली. घरी विव्हियन चार लहान पोरी घेऊन एकटी, हा बाहेर. १९६६ ला तिनं घटस्फोट मागितला. ज्या बाईसाठी सरळ वाटेचं गाणं लिहिलं तिचंच हे झालं. माझा मोठा भाऊ दारूत गेला, वहिनीनं काय सोसलं मी पाहिलं, म्हणून मले त्या विव्हियनचं कोणी नाव घेत नाही तेव्हा वाईट वाटते.

सीतादही (दारव्हा)

मोहफूल भाऊ, बरोबर लिहिलं. तिचं नाव घेतलंच पाहिजे. मोठी मुलगी रोझॅन आज स्वतः नावाजलेली गायिका आणि गीतकार आहे, त्या पोरींना वाढवलं तिनं.

सहा_तारा (अमरावती)

मोहफूल, मी पण हे नाकारत नाही. त्यानं स्वतःही लपवलं नाही, आत्मचरित्रात सगळं आहे. १९६८ च्या मार्चमध्ये जून कार्टरशी लग्न झालं, तीही कलावंत, कार्टर फॅमिली म्हणजे कंट्री संगीतातलं अगदी मुळातलं घराणं, 'रिंग ऑफ फायर' तिनं मर्ल किलगोरसोबत लिहिलेलं. तिनं आणि तिच्या आईवडिलांनी त्याला नशेतून ओढून काढलं. पण असं नाही की एकदा सुटली आणि सुटली, पुढंही परत परत घसरला, परत उठला.

भाऊला शेवटचा काळ सांगतो. १९८६ ला कोलंबिया कंपनीनं २८ वर्षांनी करार संपवला, म्हातारा झाला, विकत नाही. १९९३ मध्ये रिक रुबिन नावाच्या माणसानं, जो रॅप आणि हेवी मेटलवाला, त्याला घरात बसवलं, एक गिटार, बाकी काही नाही, गा म्हणाला तुला आवडेल ते. वय ६१. तो अल्बम ऐका, १९९४ चा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज'. मग २००२ चं 'हर्ट', ट्रेंट रेझनर या तरुण रॉकवाल्याचं गाणं, त्याचं दुःख वेगळं होतं, याच्या तोंडी ते सत्तर वर्षांच्या माणसाचं झालं. व्हिडिओत हात थरथरतात, बंद पडलेलं त्याचं म्युझियम दिसते, मागं जून उभी आहे. १५ मे २००३ ला जून गेली, तो व्हीलचेअरवर, डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी रेकॉर्डिंग करतच राहिला. १२ सप्टेंबरला तो गेला. ७१ वर्षं.

डायसचं ते घर आर्कान्सा स्टेट युनिव्हर्सिटीनं दुरुस्त केलं, २०१४ पासून लोक पाहायला जातात. आणि २०२४ ला वॉशिंग्टनच्या संसद भवनात आर्कान्साच्या वतीनं त्याचा पुतळा बसला. कापूस वेचणाऱ्याचा.

जुना_श्रोता (हिंगणघाट)

एक राहिलं, आणि भाऊ हे तुमच्यासाठीच आहे. जानेवारी १९३७ मध्ये डायसला महापूर आला, पाच वर्षांचाही झाला नव्हता तो, आईबरोबर पोरं रेल्वेनं बाहेर काढली, बाप आणि मोठा भाऊ घर राखायला मागं. त्यावर त्यानं 'फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग' लिहिलं. त्यात रडणं नाही, तत्त्वज्ञान नाही. पाणी किती आलं, दोन फूट, मग तीन फूट, कोंबड्या कुठं, मधमाश्या कुठं, गाय कुठं, गहू आणि ओट बुडाले, बस. तो सांगायचा की पूर ओसरला तेव्हा वावरात नदीची काळी सुपीक माती येऊन पडली होती आणि पुढच्या साली कापूस सगळ्यात चांगला झाला.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)

काकाजी हे वाचलं आणि रात्री झोप नाई आली. आमच्याकडं बी आलता पूर, पण आमचं उलटं झालं, त्यायच्या वावरात माती आली, आमची खरडून गेली. खाली मुरूम उघडा पडला, अजून बी त्या दीड एकरात काई येत नाई. त्यावर म्या चार ओळी लिहिल्या होत्या, पह्यल्यांदाच कोणाले दाखवतो.

बाप उभा धुऱ्यावर, बोलत काही नाई
काल होती पऱ्हाटी तिथं आज मातीच नाई
बंडी जुंपून गेलो आमी, वाट काई दिसेना
बैल उभे पाण्यामंदी, पाय काई उचलेना

शेवटच्या दोन ओळी मले बरोबर नाई वाटत. काऊन ते समजत नाई.

सीतादही (दारव्हा)

पहिल्या दोन ओळी वाचून मी फोन बाजूला ठेवला.

तुमच्याकडं बंडी आहे का?

पऱ्हाटीवाला (राळेगाव)

नाई ताई. बैल पुराच्या आदल्या साली विकले, बहिणीच्या लग्नात. त्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं गेलतो, ट्रॉलीत उभं राहून पाह्यलं. गाण्यात ट्रॅक्टर बरा दिसत नाई असं वाटलं म्हणून बंडी टाकली.

जुना_श्रोता (हिंगणघाट)

मग ट्रॅक्टरच लिहा. आणि बैल विकले तेही लिहा.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)

आज वखराच्या पाळीले गेलो तवा जमलं. आईले म्हणून दाखवलं, ती म्हणे हे बरोबर हाये.

बाप उभा धुऱ्यावर, बोलत काही नाई
काल होती पऱ्हाटी तिथं आज मातीच नाई
बैल विकले गेल्या साली, ट्रॅक्टर शेजाऱ्याचा
ट्रॉलीत उभं राहून पाह्यला पूर घरच्या वावराचा

चाल अजून लागली नाई. गुरुवारी मंडळ बसते तवा बुवाले ऐकवतो.